गिधाडे गेली, काम मागे उरले

१९८७-८८च्या हंगामात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली गेली होती. मोजणी केली होती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी. १९९६-९७मध्ये त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा घरटी दीडशेवर आलेली होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांत विसाच्या आसपास. झाडांखाली मेलेली गिधाडे पडलेली असत. जी जिवंत होती त्यांतली कितीतरी मान खाली टाकून तासन्‌तास बसून राहत. काही वर्षांत भरतपुरातले शेवटचे घरटेही संपले.

भरतपूर म्हणजे देशातले सर्वांत काळजीने राखलेले पक्ष्यांचे उद्यान. तिथे घरट्यांची झाडे कोणी तोडत नव्हते, गिधाडांची शिकार होत नव्हती, आसपासच्या गावांत मेलेल्या गुरांना तोटा नव्हता. देशभर रस्त्यारस्त्याने केलेल्या गणनांतही तेच चित्र दिसले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के. हजारातले एक उरणे म्हणजे काय, हे ज्यांनी १९८०च्या आधी गावाबाहेर शेकड्यांनी बसलेली गिधाडे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. उपखंडात तेव्हा अंदाजे चार कोटी गिधाडे होती असे मानले जाते.

परिसंस्थेची रचना आणि तिचे कार्य शिकवायला आपण तळे, कुरण, जंगल अशी उदाहरणे घेतो. मला मात्र हे प्रकरण जास्त शिकवणारे वाटते, कारण इथे रचनेतला एकच घटक अचानक काढून घेतला गेला आणि त्याचे काम कोणाकडे गेले हे पुढची तीस वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहता आले. प्रयोगशाळेत असा प्रयोग करायची परवानगी कोणी दिली नसती.

आधी गिधाडाची जागा नेमकी कुठे, ते पाहू. शाळेच्या पुस्तकातला पिरॅमिड आठवा. खाली उत्पादक, म्हणजे वनस्पती. वर शाकाहारी, त्यावर मांसाहारी, शेंड्याला वाघ किंवा ससाणा. बुरशी, जिवाणू, गांडूळ हे विघटक एका कोपऱ्यात चौकोनात काढलेले असतात. गिधाड यांपैकी कुठेच नीट बसत नाही. ते मांस खाते, पण मारत नाही. ते मेलेले खाते, पण बुरशीसारखे कुजवत नाही. बरीच पुस्तके त्याला ‘मृतभक्षक’ असे नाव देऊन एका ओळीत उरकतात. खरे तर जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांत हिरव्या पानांतली बहुतांश ऊर्जा जिवंतपणी कोणाच्या पोटात जातच नाही. पाने गळतात, मुळे मरतात, जनावरे मरतात, आणि ही सगळी ऊर्जा मृतशेषांच्या साखळीत उतरते. रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली अमेरिकेतल्या सीडर बॉग तळ्यातला ऊर्जेचा प्रवाह आकृतीत मांडला तेव्हा तळाचा गाळ त्यांनी आकृतीच्या मधोमध ठेवला होता, सगळे बाण त्यातून जातात असा. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी तो गाळ कडेला सरकवला, आणि त्या सरकवण्यात आपण बरेच काही गमावले असे माझे मत आहे.

भारतात या मृतशेषांच्या साखळीला एक वेगळेच वळण आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून जास्त गाईबैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. यांतली बरीच जनावरे म्हातारपणाने, आजाराने, अपघाताने मरतात. गाय मेली तर तिचे मांस बहुसंख्य लोक खात नाहीत. जाळायला लाकूड परवडत नाही, पुरायला जागा आणि हात लागतात. म्हणून गावाबाहेर ढोरे टाकायची एक ठरलेली जागा असे. चामडे आधी सोलून घेतले जाई, उरलेले गिधाडे खात, आणि स्वच्छ झालेली हाडे गोळा करणारे उचलून नेत. त्या हाडांपासून खत, सरस, जिलेटिन बनते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. गिधाडांची ‘फुकटची सेवा’ असे पर्यावरणाच्या लेखांत सर्रास लिहिले जाते. गिधाडाने पैसे घेतले नाहीत हे खरे. पण मेलेले जनावर गोठ्यातून ओढत वेशीबाहेर न्यायचे काम महाराष्ट्रात शतकानुशतके महार समाजावर लादलेले होते, कातडे काढण्या-कमावण्याचे काम इतर दलित जातींवर. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून द्या असे आवाहन केले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. म्हणजे ज्या परिसंस्थेला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो तिच्यात गिधाडापर्यंत जनावर पोहोचवणारा एक माणूस होता, त्याला मोबदल्यात अपमान मिळत होता, आणि परिसंस्थेच्या आकृतीत तो कधी काढला गेला नाही. परिसंस्थेची रचना सांगताना माणसे वगळली की हिशेब चुकतो. पुढे या प्रकरणात तो पुन्हा चुकलेला दिसेल.

आता गिधाड काम कसे करते ते जवळून पाहू.

सकाळी जमीन तापली की गरम हवेचे झोत वर उठतात. गिधाड पंख न हलवता त्यांवर स्वार होऊन वर चढते आणि तासन्‌तास घिरट्या घालते. बसून राहण्यापेक्षा यात त्याची शक्ती फारशी जास्त खर्च होत नाही, आणि म्हणूनच केवळ मेलेल्या जनावरांवर जगणे त्याला परवडते. लांडग्याला किंवा कोल्ह्याला ते परवडणार नाही. पायी चालून मेलेले जनावर शोधायला लागणारी ऊर्जा मिळणाऱ्या मांसापेक्षा जास्त होईल. आकाशातले प्रत्येक गिधाड जमिनीबरोबरच शेजारच्या गिधाडांकडेही लक्ष ठेवून असते. एक खाली उतरू लागले की काही किलोमीटरवरचे दुसरे वळते, त्याला पाहून तिसरे. अर्ध्या तासात जिथे काही नव्हते तिथे पन्नास-शंभर गिधाडे जमतात. पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांची मान जवळजवळ उघडी असते, म्हणून ती पोटाच्या पोकळीत खोलवर घातली तरी पिसे रक्ताने चिकटत नाहीत. जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यांनी निसरडे मांस धरून ओढले जाते. लाल डोक्याचे राजगिधाड दणकट चोचीने जाड कातडे आणि स्नायुबंध फाडते. छोटे पांढरे गिधाड कडेला थांबून उरलेसुरले वेचते. गाईएवढे जनावर संपवायला एका मोठ्या थव्याला साधारण चाळीस मिनिटे पुरतात. मागे राहतो तो सांगाडा.

हे चाळीस मिनिटांचे काम म्हणजे प्रत्यक्षात तीन कामे आहेत. पहिले, मांसातली ऊर्जा आणि पोषकद्रव्ये पुन्हा सजीवांच्या चक्रात आणणे. दुसरे, मांस कुजायच्या आत ते संपवणे, म्हणजे माश्या, दुर्गंधी आणि ओढ्यात झिरपणारे पाणी यांना वेळच न देणे. तिसरे, जनावराबरोबर आलेले रोगजंतू तिथेच थांबवणे. गिधाडाच्या जठरातल्या रसाचा पीएच १च्या आसपास असतो, म्हणजे तो अतिशय तीव्र आम्ल असतो. काळपुळीने (अँथ्रॅक्सने) मेलेले जनावर खाऊनही ते जगते, आणि त्याच्या पोटात गेलेल्या बहुतेक जंतूंचा प्रवास तिथेच संपतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही तिन्ही कामे एकच दिसतात, कारण गिधाड ती एकाच वेळी करते. गिधाड गेल्यावर ती सुटी झाली.

आणि गिधाड जायला वेळ लागला नाही, याचे एक कारण त्याच्या आयुष्याच्या गतीत आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू चार-पाच वर्षांचे झाल्याशिवाय वीण करत नाही. मोठी झालेली गिधाडे फार कमी मरतात आणि दशकानुदशके जगतात, या एका खात्रीवर हा हिशेब चालतो. मोठ्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी जन्म तो खड्डा भरून काढू शकत नाहीत.

मृत्यू वाढले कशाने? सुरुवातीला संशय सगळ्यांवर होता. शेतातली कीटकनाशके, अन्नाचा तुटवडा, एखादा नवा विषाणू. भारतात अभ्यास करणाऱ्यांचा कल बराच काळ विषाणूकडे होता. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात एक खूण सारखी सापडत होती: यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर पांढऱ्या खडूसारख्या पदार्थाचा थर. तो युरिक आम्लाचा होता. पक्षी नत्राचा कचरा युरियाऐवजी युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंड बंद पडले की ते आम्ल रक्तात साचते आणि अवयवांवर त्याचे स्फटिक बसतात. म्हणजे मारणारे काहीही असो, ते मूत्रपिंडावर घाव घालत होते.

उत्तर मिळाले पाकिस्तानातल्या पंजाबात. पेरेग्रीन फंड या संस्थेच्या वतीने लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वसाहतींत मेलेली गिधाडे गोळा केली. जड धातू, कीटकनाशके, विषाणू, जिवाणू, सगळे तपासून झाले. त्यांतून काही निघाले नाही. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. ही गिधाडे खातात काय? पाळीव जनावरे. त्या जनावरांना मरण्याआधी काय दिले जाते? जनावरांची औषधे विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यावर एक नाव पुढे आले: डायक्लोफिनॅक. माणसांच्या सांधेदुखीवर वर्षानुवर्षे वापरले जाणारे वेदनाशामक. पांढरा थर असलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली त्या सगळ्यांच्या मूत्रपिंडात ते सापडले. थर नसलेल्या, दुसऱ्या कारणाने मेलेल्या गिधाडांत ते नव्हते. २००४च्या सुरुवातीला हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला.

उपखंडात हे औषध जनावरांसाठी १९९०च्या दशकात स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. लंगडणारा बैल, सडाचा दाह झालेली गाय, ताप आलेली म्हैस यांना आराम पडावा म्हणून मालक इंजेक्शन द्यायला सांगे. त्यामागे जनावराबद्दलची मायाच होती. घात झाला तो पुढे: वेदनाशामक दिले जाते आजारी जनावराला, आणि मरते तेही बहुधा आजारी जनावरच. त्यामुळे देशातल्या एकूण गुरांपैकी फार थोड्यांना हे औषध मिळाले असले तरी गिधाडासमोर येणाऱ्या जनावरांत त्यांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. २००४-०५मध्ये भारतभरातून मेलेल्या जनावरांच्या यकृतांचे नमुने घेतले तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक सापडले.

पण एवढ्या प्रमाणाचीसुद्धा गरज नव्हती. गणित सोपे आहे, करून पाहण्यासारखे आहे. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. समजा २०० जनावरांमागे एकाच जनावराच्या मांसात मारण्याइतके औषध आहे. एका जेवणात वाचण्याची शक्यता २००मध्ये १९९, म्हणजे ९९.५ टक्के. ऐकायला अगदी सुरक्षित. पण १२० वेळा सलग वाचायचे तर ही शक्यता स्वतःलाच १२० वेळा गुणावी लागते आणि उत्तर येते सुमारे ५५ टक्के. शंभर गिधाडांतली पंचेचाळीस पहिल्याच वर्षी गेली. पाच वर्षांनी पाच उरली. दहा वर्षांनी हजारातली दोन-तीन. ही संख्या मी समजावण्यासाठी घेतली आहे, पण ती वास्तवाला धरून आहे: संशोधकांनी गणिती प्रतिकृती मांडून काढले होते की १३० ते ७६० जनावरांमागे एक विषारी असले तरी दिसलेली घट घडू शकते. एका मेलेल्या जनावरावर शेकडो गिधाडे जमतात, हे त्यांच्या कामाचे बळ. तेच त्यांच्या मरणाचे कारण झाले.

आता मुख्य प्रश्न. गिधाडे गेली, पण गुरे मरायची थांबली नाहीत. मग ते मांस खाल्ले कोणी?

बहुतांशी भटक्या कुत्र्यांनी. गावाबाहेरची जी जागा दुपारपर्यंत रिकामी होत असे ती आता दिवसेंदिवस भरलेली राहू लागली, आणि तिच्याभोवती कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जाऊ लागल्या. ऊर्जा वाया गेली नाही. निसर्गात ती कधी जात नाही. फक्त तिची वाट बदलली. जे मांस आधी वर्षाला एक अंडे घालणाऱ्या, आकाशात फिरणाऱ्या पक्ष्यात जात होते ते आता एका वेतात पाच-सहा पिल्ले देणाऱ्या, माणसांच्या वस्तीत राहणाऱ्या प्राण्यात जाऊ लागले. म्हणून परिसंस्थेच्या ऊर्जेच्या आकृतीत पाहिले तर फारसे काही बिघडलेले दिसणार नाही. मृत मांस आले, खाल्ले गेले, बाण पुढे गेला. पोषणचक्र चालू आहे. पण वर सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिलेच पार पडत होते. कुत्रे सावकाश खातात, निवडून खातात, अर्धे सोडून जातात, त्यामुळे दुसरे काम रेंगाळले. आणि तिसरे काम तर उलटेच झाले. गिधाडाच्या पोटात जंतू थांबत. कुत्रा जंतू वस्तीत घेऊन येतो. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, आणि आपल्याकडे माणसाला तो जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो.

या बदलाची किंमत मोजायचा पहिला मोठा प्रयत्न २००८ साली अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पशुगणनेत कुत्र्यांचीही नोंद असते. तिच्या आधारे त्यांनी अंदाज बांधला की गिधाडे घटण्याच्या काळात कुत्रे ५५ लाखांनी वाढले, आणि १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे रेबीजने सुमारे ४७ हजार माणसे जास्त मेली. आर्थिक नुकसानीचा त्यांचा अंदाज ३४ अब्ज डॉलर होता.

दुसरा प्रयत्न त्याहून धक्कादायक आहे. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा लेख २०२४मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ने प्रसिद्ध केला. त्यांनी रेबीजपुरते न पाहता एकूण मृत्युदर घेतला. देशातले जिल्हे दोन गटांत विभागले: गिधाडांना राहायला अनुकूल असलेले आणि नसलेले. दोन्हींतला मृत्युदर १९९४पर्यंत बरोबरीने चालत होता. डायक्लोफिनॅक स्वस्त झाल्यावर पहिल्या गटातला मृत्युदर ४ टक्क्यांहून जास्त वर चढला, दुसऱ्यातला नाही. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज निघाला. नुकसान वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर. शहरी भागांत परिणाम जास्त तीव्र होता. ज्या जिल्ह्यांतून गिधाडे गेली तिथे रेबीजच्या लशीची विक्री वाढलेली दिसली आणि नद्यांच्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू वाढलेले दिसले. म्हणजे कुत्रा हा एकच मार्ग नव्हता, पाण्याचाही होता. असे अंदाज गृहीतकांवर उभे असतात, त्यांतल्या आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण दोन वेगळ्या पद्धतींनी केलेले हिशेब एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ते गंभीरपणे घ्यावे लागतात.

हे मृत्यू कोणाचे, हाही प्रश्न आहे. उकिरड्याच्या आणि ढोरे टाकायच्या जागेच्या जवळ घर कोणाचे असते, पहाटे अंधारात पायी कामाला कोण निघते, चावा लागल्यावर लस घ्यायला तालुक्याच्या गावी जाण्याचे भाडे कोणाकडे नसते? ज्यांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर बसवले, त्यांच्याच वस्त्या या जागांच्या शेजारी असण्याची शक्यता जास्त. वर ज्या चुकलेल्या हिशेबाचा उल्लेख केला तो हा.

मुंबईत या ऱ्हासाचा एक वेगळा पैलू दिसला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज आपल्या मृतांचे देह दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, गिधाडांच्या स्वाधीन करत आला आहे. अग्नी, पृथ्वी आणि पाणी यांना मृतदेहाने विटाळू नये ही त्यामागची श्रद्धा. गिधाडे नाहीशी झाल्यावर ही प्रथा अडली आणि दोखम्यावर सूर्यप्रकाश एकवटणारे परावर्तक बसवावे लागले. पावसाळ्यात, ढगाळ हवेत त्यांचा उपयोग होत नाही. एका समाजाची अंत्यविधीची पद्धत एका पक्ष्यावर उभी असू शकते, हे परिसंस्थेच्या सेवांच्या कुठल्याही कोष्टकात बसत नाही. मला तरी हा तोटा पैशांत मांडावासा वाटत नाही.

उपाय काय झाले ते आता थोडक्यात. भारत सरकारने २००६मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती पर्याय होता. पण औषधाच्या दुकानात माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक मिळतच होते, तेही ३० मिलिलीटरच्या मोठ्या कुपीत. माणसाचे एक इंजेक्शन ३ मिलिलीटरचे, त्यात ७५ मिलिग्रॅम औषध. ३० मिलिलीटरमध्ये ७५० मिलिग्रॅम. एका माणसाला एवढे कशाला लागेल? ती कुपी जात होती गोठ्यात. २०१५मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलीटरच्या एकेरी कुपीपुरते मर्यादित केले गेले. मोठ्या जनावराला तेवढे औषध द्यायचे तर आता दहा कुप्या फोडाव्या लागतात. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यासाठी कोणाला पकडावे लागले नाही, गावोगाव निरीक्षक पाठवावे लागले नाहीत. चुकीचा वापर फक्त महाग आणि कटकटीचा करून टाकला.

पुढे कळले की डायक्लोफिनॅक एकटे नव्हते. केटोप्रोफेनही गिधाडांना मारते. अॅसिक्लोफिनॅक तर गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलते. या दोन्हींचा जनावरांसाठीचा वापर २०२३मध्ये बंद झाला, त्यानंतर निमेसुलाइडचाही. डायक्लोफिनॅक गिधाडांना मारते हा शोध २००४चा, आणि त्याचेच दुसरे रूप बाजारातून हटायला २०२३ उजाडले. प्रत्येक औषधासाठी आधी गिधाडे मरायची, मग पुरावा जमवायचा, मग बंदी मागायची हा क्रम चालत आला आहे. जनावरांसाठी नवे वेदनाशामक बाजारात आणण्याआधीच ते गिधाडांना सुरक्षित आहे की नाही हे तपासण्याची सक्ती हवी.

हरियाणातल्या पिंजोर इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणा वनविभाग यांचे गिधाड प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढवलेली गिधाडे जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली गेली. इथल्या हवेला सरावली की मोकळी सोडायची, अशी ही योजना. ताडोबातून सोडलेले एक गिधाड उडत उडत तामिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचले. बातमी म्हणून हे आनंदाचे, पण त्यातच अडचणही आहे. व्याघ्रप्रकल्पाची हद्द वाघाला पुरते, गिधाडाला पुरत नाही. म्हणूनच ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ आखताना १०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ धरले जाते. त्याचे क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त होते, आणि त्यात शेकडो गावे, हजारो गोठे, कितीतरी औषधाची दुकाने येतात. एवढ्या वर्तुळात एकाही कपाटात घातक वेदनाशामक नको.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला आणि मुरूडच्या फणसाड अभयारण्याच्या परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी स्थानिक संस्था आणि वनविभाग यांनी बराच काळ काम केले आहे. गडचिरोलीत आणि नाशिककडे हरसूल भागात ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली गेली. तिथे औषध न दिलेली मेलेली जनावरे आणून टाकतात. असे ठिकाण गावकऱ्यांच्या हाती असले तर उत्तम, कारण कोणत्या गोठ्यातली गाय कशाने मेली आणि तिला शेवटच्या आठवड्यात कोणते इंजेक्शन दिले होते, हे गावालाच माहीत असते. मात्र केवळ अन्न टाकल्याने गिधाडे परत येतील अशी अपेक्षा चूक आहे. अन्न कधीच कमी नव्हते.

२०१५च्या गणनेनंतरच्या अंदाजानुसार भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि बारीक चोचीची १ हजार गिधाडे उरली होती. घसरण मंदावली आहे. परंतु वर्षाला एक अंडे आणि पाच वर्षांनी पहिली वीण या गतीने, आज सगळी विषारी औषधे गायब झाली तरी पूर्वीच्या संख्येच्या आसपास पोहोचायला अनेक पिढ्या जातील. तोपर्यंत मेलेल्या गुरांचे काम माणसालाच करायचे आहे: खोल पुरणे, चुना टाकणे, मोठ्या शहरांत भट्ट्या उभारणे, आणि हे काम करणाऱ्यांना हातमोजे, यंत्रे, रेबीजची आधीच दिलेली लस आणि सन्मानाचे वेतन देणे. गिधाडे फुकट करत होती म्हणून आजही हे काम फुकटात किंवा कोणा एकाच जातीच्या अंगावर टाकून व्हावे, असे कोणी समजू नये.

ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांनी एवढे करावे. डॉक्टर वेदनाशामक देत असतील तर कुपीवरचे नाव वाचून मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड मागावे, गिधाडांसाठी ही दोन्ही सुरक्षित ठरलेली आहेत. आणि दुसरे कुठलेही वेदनाशामक दिलेले जनावर त्यानंतरच्या काही दिवसांत दगावले तर ते उघड्यावर न टाकता पुरावे.